उन्हं चढायच्या आत

हिवाळ्यातील हिमस्खलनामागे, म्हणजे उतारावर साचलेला बर्फ एकाएकी सुटून खाली कोसळण्यामागे, प्रामुख्याने ताजा हिमवर्षाव आणि वारा असतो; मार्च ते मे या काळात मात्र तेच काम बहुधा ऊन करते. बर्फाचा साठा एकसंध नसून त्यात प्रत्येक हिमवर्षावाचा वेगळा थर असतो, आणि वितळलेले पाणी झिरपत एखाद्या टणक थरावर अडले की थरांमधील पकड सुटते. रात्री पृष्ठभाग पुन्हा गोठला तर पहाटे हा साठा घट्ट असतो. परंतु रात्र ढगाळ आणि उबदार गेली असेल, तर सकाळचाही भरवसा धरता येत नाही.

4 एप्रिल 2023 रोजी गंगटोकहून नथुलाकडे जाणाऱ्या जवाहरलाल नेहरू मार्गावर भरदुपारी कोसळलेल्या बर्फाखाली 7 पर्यटकांचा मृत्यू झाला. परवाने 13व्या मैलापर्यंतचेच असताना पर्यटक 15व्या मैलापर्यंत पोहोचले होते, यावरून हा धोका केवळ गिर्यारोहकांपुरता नाही, हे स्पष्ट होते.

बुलढाणा जिल्ह्यातील धामणगाव बढे येथून उन्हाळी सुटीत मलकापूरला गाडी पकडून हिमालयाकडे निघणाऱ्या कुटुंबाला बर्फ अनोळखी असला, तरी उन्हाचा अंदाज त्याच्या अंगवळणी पडलेला असतो. वैशाखात शेतातील काम उन्हं चढायच्या आत उरकावे, हाच शहाणपणा बर्फाच्या उतारावरही लागू पडतो: पहाटे निघावे आणि दुपारच्या आत उताराखालची वाट सोडावी.

साधारणतः 30 ते 45 अंशांचे उतार सर्वाधिक धोक्याचे असतात. पाय घोट्याच्या वर रुतू लागणे, बर्फाचे गोळे आपोआप घरंगळणे, पायाखाली दबका आवाज होणे किंवा भेगा पडणे, यांपैकी एकही खूण दिसली तर आल्या वाटेने परतावे. उतार ओलांडणे अटळच असेल, तर एका वेळी एकानेच जावे आणि इतरांनी सुरक्षित जागेवरून त्याच्यावर नजर ठेवावी.

गाडल्या गेलेल्या माणसाच्या जगण्याची शक्यता पहिल्या पंधराएक मिनिटांनंतर झपाट्याने घटते, आणि बाहेरची मदत बहुधा उशिराच पोहोचते. म्हणूनच संकेत देणारे यंत्र, बर्फात खुपसून शोध घेण्याची सळई आणि फावडे प्रत्येकाजवळ असावे व ते वापरण्याचा सरावही असावा; आणि काहीही झाले, तरी स्थानिक प्रशासनाने बंद केलेली वाट कोणाच्याही आग्रहाखातर धरू नये.