नातवंडाची सेवा

पोशीर येथील कीर्तनानंतर एका आजींनी आम्हांस पुसले, “महाराज, लेकीचं आठ महिन्यांचं बाळ चार दिवस आमच्याकडं आहे. हरिपाठाची वेळ चुकते. दोष लागेल का?”

आम्ही म्हणालो, “माउली, पैठणच्या नाथांचे आईबाप बाळपणीच गेले. आजोबा चक्रपाणींनी त्यांस वाढविले. ती सेवा वाया गेली काय? पाळणा हलवीत नाम घ्या. नामाला काळवेळ नाही.”

मात्र नातवंड ही आईबापांची ठेव. ते सांगतील तसेच करावे. मधाचे चाटण देण्याची आपली जुनी रीत. पण वर्षाच्या आत मध देऊ नये. त्यातील जंतूंचे बीज कोवळ्या आतड्यात रुजून विष करू शकते. निजवावे ते उताणे.

ठेव परत करताना डोळे भरतात. भरू द्यावेत, आणि मग हरिपाठास बसावे. रामकृष्णहरि!