सावळ्या त्वचेला टोपी कशाला?

प्रश्न : आम्ही नुकतेच ब्रिस्बेनला आलो. सहा वर्षांच्या मुलीला शाळेत टोपीशिवाय मैदानावर सोडत नाहीत. आपल्या सावळ्या त्वचेला याची खरंच गरज आहे का?

उत्तर : आहे. मेलॅनिनमुळे त्वचेच्या कर्करोगाचा धोका गोऱ्या मुलांपेक्षा बराच कमी असतो, पण शून्य नसतो. शिवाय अतिनील किरणांनी डोळ्यांनाही इजा होते. ऊन किती चटकतंय यावर जाऊ नका. तिथे ढगाळ, गार दिवशीही अतिनील निर्देशांक ३ च्या वर असू शकतो, आणि ३ पासून संरक्षण हवंच. रुंद काठाची टोपी, लांब बाह्या, सावली हे आधी. मग एसपीएफ ५० चं सनस्क्रीन, बाहेर पडण्याआधी २० मिनिटं आणि दर दोन तासांनी पुन्हा. कान आणि मान हमखास राहून जातात! ड जीवनसत्त्वाची काळजी वाटली तर डॉक्टरांना विचारा. त्यासाठी लेकीला भर दुपारी उन्हात मुळीच उभं करू नका.