भिंतीला बिलगणारा प्लग आणि फिरती वायर
एका लहानशा वस्तूच्या रचनेचा अभ्यास

विजेच्या इस्त्रीची किंवा मिक्सरची वायर सहसा मध्येच तुटत नाही. ती तुटते दोन टोकांपाशी : एक उपकरणात शिरते तेथे आणि दुसरे प्लगमधून बाहेर पडते तेथे. प्लगच्या मानेपाशी वायर दररोज वाकते, पिळली जाते आणि ओढलीही जाते. काही महिन्यांनी तिचे आवरण तडकते, आतील बारीक तारा एकेक करून तुटू लागतात आणि एके दिवशी उपकरण बंद पडते. हे झाले तर नुकसान थोडक्यात निभावले असे समजावे. उघडी पडलेली तार पावसाळ्याच्या दिवसांत कोणाच्या ओल्या बोटांना लागली, तर प्रश्न उपकरणाचा राहत नाही, प्राणाचा होतो.

प्लग ही घरातील अगदी क्षुल्लक वाटणारी वस्तू. परंतु तो पातळ कसा करावा आणि त्याची वायर सर्व दिशांना कशी फिरावी, हा प्रश्न देशोदेशींच्या रचनाकारांनी मोठ्या आस्थेने हाताळला आहे. त्यांनी काय साधले आणि कोणत्या मर्यादा पाळल्या, हे समजून घेतले म्हणजे आपल्या घरातील प्लगकडे पाहण्याची दृष्टीही बदलते.

जागेची अडचण

आपल्याकडील नेहमीच्या प्लगमधून वायर बहुधा सरळ समोर निघते. प्लगचे अंग आणि त्यापुढे वायरीला वळण्यासाठी लागणारी जागा धरली, तर भिंतीपासून दोन-अडीच इंच अंतर सहज अडते. त्यामुळे कपाट, पलंग किंवा शिवणयंत्र भिंतीला लावता येत नाही. जागा कमी म्हणून ते तसेच रेटले, की वायर प्लगच्या मुळाशीच काटकोनात मोडते. तुटण्याची सुरुवात होते ती येथेच.

यावर पहिला विचार सुचतो तो असा, की वायर समोर न काढता भिंतीलगत बाजूने काढावी. असे केले की प्लग चपटा होतो. मात्र लगेच दुसरी अडचण उभी राहते. तीन पिनांचा प्लग उलटसुलट बसवता येत नाही, म्हणून बाजूने निघालेली वायरही कायम एकाच दिशेस राहते. सॉकेट जमिनीलगत असेल तर खाली निघालेली वायर फरशीवर आपटते. एकाच बोर्डावर अनेक सॉकेटे असतील तर ती शेजारच्या सॉकेटावर किंवा बटणावर आडवी येते. म्हणजेच प्लग पातळ करावयाचा तर वायरीला फिरण्याची मोकळीकही द्यावी लागते. हे दोन प्रश्न परस्परांशी असे बांधलेले आहेत.

थोडा पूर्वेतिहास

वायरीला पीळ पडण्याची तक्रार नवी नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत अनेक घरांत दिव्यासाठी वीज आली होती, पण उपकरणांसाठी वेगळे सॉकेट नव्हते. पंखा किंवा इस्त्री जोडावयाची तर दिवा काढून त्याच्या फिरकीच्या होल्डरमध्ये उपकरणाचे टोक स्क्रूप्रमाणे पिळत बसवावे लागे. टोकाबरोबर वायरही पिळली जाई. हार्वे हबेल यांनी १९०४ मध्ये दोन भागांच्या प्लगचे पेटंट मिळविले. एक भाग होल्डरमध्ये कायम राहावा आणि पिना असलेला दुसरा भाग सरळ आत-बाहेर करता यावा, अशी ती योजना होती.

भारतातील गोल पिनांच्या प्लगचे मूळ ब्रिटनच्या १९३४ सालच्या मानकात आहे. ५ आणि १५ अँपिअरचे ते जुने प्रकार आज आपल्या आय. एस. १२९३ या मानकान्वये ६ आणि १६ अँपिअरचे म्हणून ओळखले जातात. खुद्द ब्रिटनने मात्र १९४७ मध्ये चौकोनी पिनांचा, आतच फ्यूज असलेला १३ अँपिअरचा नवा प्लग स्वीकारला. त्यामागील विचारविनिमय ज्या समितीत झाला, तीत कॅरोलाइन हॅस्लेट या विद्युत अभियंता एकमेव स्त्री सदस्य होत्या. लहान मुलांच्या सुरक्षिततेकडे त्यांचे विशेष लक्ष होते. या पद्धतीत सॉकेटाची छिद्रे आतून झडपांनी बंद असतात आणि अर्थिंगची लांब पिन आत शिरल्यावरच झडपा उघडतात. मुलाने खिळा किंवा तारेचा तुकडा खुपसला तरी तो सहजी विजेपर्यंत पोहोचू नये, हा त्यातील हेतू.

विद्यार्थ्याची कल्पना

हा ब्रिटिश प्लग सुरक्षित खरा, परंतु अंगाने जाडजूड. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकणारे मूळचे कोरियाचे मिन-क्यू चोई यांना एक विसंगती जाणवली : संगणक वहीसारखा पातळ झाला, पण त्याचा प्लग मात्र तसाच राहिला. पिशवीत ठेवला की त्याच्या पिनांनी संगणकावर ओरखडे पडत. चोई यांनी २००९ मध्ये घडीचा प्लग तयार केला. त्यातील दोन पिना ९० अंशांत फिरून तिसरीच्या रांगेत येतात, दोन्ही बाजू पंखांप्रमाणे मिटतात आणि सगळा प्लग सुमारे एक सेंटिमीटर जाडीचा होतो. या रचनेस लंडनच्या डिझाइन म्युझियमचा २०१० सालचा सर्वोत्तम रचनेचा पुरस्कार मिळाला आणि २०१२ मध्ये या तत्त्वावरील चार्जर बाजारात आला.

चोई यांचा हेतू प्लग नेण्या-आणण्यास सोयीचा करणे हा होता. भिंतीवरील जागा वाचविणे हा नव्हे. तथापि त्यांच्या कामातील एक गोष्ट सर्वांनी ध्यानात घेण्याजोगी आहे. त्यांनी पिनांचा आकार, लांबी किंवा त्यांमधील अंतर यांना हात लावला नाही. प्लग उघडल्यावर तो देशातील कोणत्याही सॉकेटात पूर्वीसारखाच घट्ट बसतो. बदल झाला तो केवळ पिनांना धरणाऱ्या अंगात.

वायर फिरविण्याचे तीन मार्ग

फिरत्या वायरीसाठी रचनाकारापुढे मुख्यतः तीन मार्ग असतात.

पहिला मार्ग कड्यांचा. प्लगच्या आत एकात एक बसणारी पितळी किंवा तांब्याची कडी असतात आणि त्यांवर स्प्रिंगच्या पट्ट्या टेकलेल्या असतात. वायर कितीही वेळा फिरली तरी पट्टी कड्यावर घसरत राहते आणि जोडणी कायम राहते. बैठकीवर कशीही ठेवता येणाऱ्या विजेच्या किटलीखाली अशीच वर्तुळाकार जोडणी असते. हा मार्ग दिसण्यात सुबक, पण नाजूक आहे. घासून पट्टी सैल झाली, धूळ बसली किंवा दमट, खाऱ्या हवेने धातूवर गंज धरला, की जोडणीचा रोध वाढतो. शिवाय तीन पिनांच्या प्लगास तीन कडी हवीत आणि त्यांच्यामध्ये पुरेसे अंतरही हवे. अंगच पातळ असेल तर हे अंतर कोठून आणावयाचे?

दुसरा मार्ग मोकळ्या वेढ्याचा. वायर धरणारी एक चकती प्लगच्या मध्यभागी फिरते आणि आतील तारा पोकळीत सैल वेढा घेऊन पिनांना पक्क्या जोडलेल्या असतात. चकती फिरली की वेढा थोडा उलगडतो किंवा आवळतो. येथे घसरणारी जोडणी नाही, म्हणून ठिणगीचे भय कमी. मात्र चकती अमर्याद फिरू देता कामा नये, नाही तर तारा पिळून तुटतील. यासाठी एक फेरी पुरी होण्याआधीच तिला अडविणारा खुंटा ठेवावा लागतो.

तिसरा मार्ग सर्वांत साधा. प्लग सॉकेटाबाहेर असताना वायरीचे तोंड वर, खाली, डावीकडे किंवा उजवीकडे, यांपैकी हवे तिकडे वळवून पक्के करावयाचे. वापरताना ते हलत नाही. ज्या घरात उपकरण एकाच जागी राहते, तेथे याहून अधिक काही लागत नाही.

घरगुती वापरासाठी विचार केला तर दुसरा आणि तिसरा मार्ग अधिक विश्वासाचे ठरतात. जेथे विजेची जोडणी हलत नाही, तेथे बिघडण्याजोगे एक ठिकाण कमी असते.

जे पातळ करता येत नाही

प्लग किती पातळ करावयाचा, याला मर्यादा आहे आणि ती मर्यादा सौंदर्याने नव्हे, विजेच्या गुणधर्माने ठरते.

पहिली गोष्ट पिनांची. आपल्या ६ अँपिअरच्या प्लगच्या दोन मुख्य पिना सुमारे ५ मिलिमीटर जाडीच्या असतात, तर १६ अँपिअरच्या सुमारे ७ मिलिमीटर. परदेशी पद्धतीच्या अनेक लहान प्लगांच्या पिना ४ मिलिमीटरच्या असतात; त्या आपल्या सॉकेटात शिरतात, पण सैल राहतात. सैल जोडणी म्हणजे वाढलेला रोध आणि रोध म्हणजे उष्णता. उष्णतेचे वॅट काढावयाचे तर प्रवाहाच्या वर्गास रोधाने गुणावे. जोडणीत केवळ एक दशांश ओहम रोध असेल तर ६ अँपिअर प्रवाहाला ३.६ वॅट उष्णता होते. १६ अँपिअरला तीच २५.६ वॅट होते. रेडिओ दुरुस्त करणारा ज्याने डाख देतो, तो लहान सोल्डरिंग आयर्न साधारण २५ वॅटचा असतो. तेवढी उष्णता बोटभर जाडीच्या प्लॅस्टिकमध्ये कोंडली तर काय होईल, हे सांगावयास नको.

दुसरी गोष्ट अर्थिंगच्या पिनेची. ती जाड असते, म्हणून चुकून दुसऱ्या छिद्रात जात नाही. ती लांब असते, म्हणून प्लग लावताना सर्वांआधी जोडली जाते आणि काढताना सर्वांनंतर सुटते. इस्त्रीच्या धातूच्या अंगात वीज उतरली तर तिला जमिनीकडे नेणारी आणि फ्यूज उडवून धोक्याची सूचना देणारी वाट हीच. प्लग लहान करण्यासाठी ही पिन गाळणे, अथवा आपल्याकडे कधीकधी करतात तशी ती कापून टाकणे, म्हणजे घराचे दार लहान करण्यासाठी त्याची कडी काढून टाकण्यासारखे आहे.

तिसरी गोष्ट वायरीच्या पकडीची. वायरीवर पडणारा ओढ आतील स्क्रूंपर्यंत पोहोचता कामा नये. तो पकडीनेच झेलला पाहिजे. कुशल वायरमन प्लगच्या आत अर्थिंगची तार इतर दोन तारांपेक्षा थोडी लांब ठेवतो. पकड सुटून वायर ओढली गेलीच, तर अर्थिंग सर्वांत शेवटी तुटावे, हा त्यातील विचार. फिरत्या प्लगातही हा क्रम मोडता येत नाही.

चौथी गोष्ट बोटांची. चपट्या प्लगास धरावयास अंगच उरत नाही, म्हणून माणूस वायर धरून ओढतो. यासाठी चांगल्या चपट्या प्लगास बोट घालण्याजोगी कडी किंवा उचलण्याची पट्टी ठेवलेली असते. ही शोभेची वस्तू नव्हे. ती नसेल तर प्लगच्या पातळपणानेच वायरीचा घात होतो.

घरी आणि शाळेत

हे तत्त्व मुलांना विजेशिवाय दाखविता येते. शिक्षकांनी तांब्याच्या बारीक तारेचे दोन सारखे तुकडे घ्यावेत. एक तुकडा चिमटीत धरून एकाच जागी पुन्हापुन्हा मोडावा; दुसरा पेन्सिलीवरून गोलाकार वाकवावा आणि सरळ करावा. प्रत्येक वेळी अंक मोजावेत. पहिला तुकडा आधी तुटेल. वाकणे एका बिंदूवर एकवटले की धातू थकतो. ते लांबीवर विभागले की टिकतो. प्लगच्या मानेवरील खाचांची निमुळती नळी, बाजूने निघणारी वायर आणि फिरती चकती या तिन्हींचे कार्य हेच आहे. त्यानंतर सॉकेटाशी व वायरीशी न जोडलेला एक नवा प्लग उघडून मुलांना त्यातील पिना, स्क्रू आणि पकड दाखवावी. लहान पोकळ्यांत तारा कशा बसविल्या आहेत, याची आकृती त्यांच्याकडून वहीत काढून घ्यावी.

घरोघरी करावयाची पाहणीही सोपी आहे. बटण बंद करून प्लग काढावा आणि त्याची मान पाहावी. आवरण तडकले असेल, प्लगचा रंग तपकिरी झाला असेल, वापरानंतर पिना हाताला चटका देत असतील किंवा प्लग सॉकेटात डुलत असेल, तर तो बदलावा. सॉकेटच सैल असेल तर ते वायरमनकडून बदलून घ्यावे. २३० व्होल्ट दाबावर २००० वॅटचा पाणी तापविण्याचा हीटर जवळजवळ ९ अँपिअर प्रवाह घेतो; त्यास १६ अँपिअरचाच प्लग हवा, मग तो कितीही मोठा दिसो. आणि प्लग नाही म्हणून वायरीची उघडी टोके काडेपेटीतील काडीने सॉकेटात खोचण्याची जी सवय अजून काही ठिकाणी दिसते, ती कोणत्याही कारणाने क्षम्य नाही. खरेदी करताना आय. एस. आय. चिन्ह पाहावे आणि चपटा प्लग घ्यावयाचा असेल तर तीन पिना, पक्की पकड आणि बोटाची कडी आहे ना, एवढे तपासावे.

प्लग पातळ व्हावा, वायर हवी तिकडे वळावी, कपाट भिंतीला लागावे, ही सोय रास्तच आहे. ती कशाच्या बदल्यात मिळते, हे मात्र पाहिले पाहिजे. रचनाकाराने अंगावरील अनावश्यक जाडी काढावी. पिन, अर्थिंग आणि पकड यांना धक्का लावू नये. प्लग विकत घेणाऱ्यानेही हीच कसोटी लावली, तर प्लगच्या मानेपाशी सुरू होणारे कित्येक अपघात सुरू होण्याआधीच टळतील.