जुने फोटो सर्वांसाठी खुले करायचे, तर खर्च किती?

वाचनालयाच्या कपाटात जुन्या समारंभांचे फोटो, नाटकांची हँडबिले, मोडी कागद पडून असतात. ते ऑनलाइन टाकायचा ठराव झाला की कार्यकारिणी पहिले कोटेशन मागवते ते वेबसाइटचे. ते मागवू नका. डोमेनचे वर्षाला हजारभर रुपये, वर होस्टिंगचे. पुढे चिटणीस बदलले, नूतनीकरण राहिले की साइट गायब. विकिमीडिया कॉमन्स किंवा इंटरनेट अर्काइव्हवर चित्रे चढवायला आणि ठेवायला काहीच पैसे पडत नाहीत. शिवाय कॉमन्सवरचे चित्र मराठी विकिपीडियाच्या लेखात थेट वापरता येते.

पैसे जातात त्याआधी. सुटे फोटो आणि कागद असतील तर पाच-सात हजारांचा साधा ए-फोर फ्लॅटबेड स्कॅनर पुरतो. पोस्टकार्डाएवढा, चार बाय सहा इंची फोटो ६०० डीपीआयवर रंगीत स्कॅन केला की टिफ फाईल साधारण २६ एमबीची होते. म्हणजे हजार फोटो २६ जीबीत बसतात, दोन्ही बाजू घेतल्या तर ५२. पाठची बाजू घ्याच. स्टुडिओचा शिक्का आणि पेन्सिलीने लिहिलेली नावे तिथेच सापडतात. टिफ दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत ठेवा आणि मोठ्या आकाराची जेपीजी चढवा. शिवलेल्या चोपड्या मात्र स्कॅनरवर दाबू नका, पाठ मोडते. त्यांच्यासाठी स्टँडवरचा कॅमेरा आणि दोन बाजूंना दोन दिवे. आणि कृपा करून कुठलाही जुना कागद लॅमिनेट करू नका. बरेच जण तो 'जपण्यासाठी' करतात आणि त्याचे कायमचे नुकसान करून बसतात.

काम बाहेर दिले तर दर नगावर किंवा पानावर ठरतो. तो ऐकून मान डोलवण्याआधी चार गोष्टी कागदावर घ्या: डीपीआय किती, दोन्ही बाजू धरल्या आहेत का, टिफ मिळणार का, आणि मूळ वस्तू वाचनालयातून हलणार का. माझे मत विचाराल तर हलू देऊ नका. माणूसच स्कॅनर घेऊन येऊ दे. दहा नगांचा नमुना पाहून मगच बाकीचे काम द्या. रंग भरणे, चेहरे 'साफ' करणे यांचे जादा पैसे सांगितले तर सरळ नको म्हणा. अभ्यासकाला मूळ डागांसकट हवे असते.

कायद्याला पैसा लागत नाही, डोके लागते. फोटो तुमच्या कपाटात आहे म्हणून त्याचा कॉपीराइट तुमचा होत नाही. भारतात लेखक किंवा छायाचित्रकार वारल्यावर पुढच्या १ जानेवारीपासून ६० वर्षे हक्क टिकतो. जुन्या फोटोंना आधीचा, निगेटिव्हपासून ५० वर्षांचा नियम लागू होता, म्हणून कॉमन्सवर १९५८ पूर्वीचे भारतीय फोटो इथल्या कायद्याने मुक्त धरतात. पण कॉमन्सला अमेरिकेचा कायदाही पाहावा लागतो. त्या हिशेबाने १९४६ पूर्वीचा फोटो सर्वांत बिनघोर. नंतरचा असेल तर हक्क कोणाचा ते शोधा. स्टुडिओत पैसे मोजून काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढवून घेणारा असतो. म्हणजे आता त्याच्या वारसांची लेखी संमती लागेल.

मुक्त झालेल्या फोटोवर स्कॅन केल्यामुळे नवा हक्क मिळतो असे समजू नका. न्यूयॉर्कच्या न्यायालयाने १९९९ मध्ये ब्रिजमन खटल्यात तो नाकारला. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही मोडक खटल्यात नुसत्या श्रमावर कॉपीराइट मिळत नाही, थोडी तरी सर्जकता हवी, असे म्हटले. तेव्हा अशा चित्राला 'सार्वजनिक मालकीचे' एवढीच खूण करा. हक्क खरोखर तुमचा असेल तर सीसी बाय-एसए हा परवाना द्या. नाव देणे बंधनकारक राहते. एकदा दिलेला परवाना मागे घेता येत नाही, म्हणून ठराव आधी मंजूर करून घ्या.

कोणी ना कोणी सभेत उठून म्हणेलच, 'लोक त्यावर कॅलेंडरे छापून पैसे कमावतील.' छापू देत. 'व्यापारी वापर नको' अशी अट घातली तर कॉमन्स चित्र घेतच नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ मध्ये सुमारे पावणेचार लाख चित्रे बिनशर्त खुली केली, धंद्यासाठीसुद्धा. वॉटरमार्क मारण्यावरही पैसे घालवू नका. मळक्या चित्राला कोणी हात लावत नाही.

खरा खर्च माहिती लिहिण्याचा आहे. डावीकडून तिसरे कोण, नाटक कुठले, साल कुठले, हे नसेल तर चित्र कोणाला सापडणारच नाही. एका फोटोला दहा मिनिटे धरली तरी हजार फोटोंचे १६६ तास होतात. रोज सहा तास म्हटले तर जवळपास अठ्ठावीस दिवस एका माणसाचे मानधन. वर गावातल्या म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन बसायचे वेगळे, आणि तिथे घाई चालत नाही. फोटोतली माणसे हयात असतील तर त्यांनाही विचारायला हवे. अंदाजपत्रकात ही रक्कम सगळ्यांत वर लिहा आणि स्कॅनर पुढच्या वर्षी घ्या. स्कॅनर तेव्हाही बाजारात असेल. नावे सांगणारी माणसे असतीलच असे नाही.