काचेतील संत

मुंबईच्या दक्षिण टोकास, कुलाब्यात, एक जुने चर्च आहे. पहिल्या अफगाण युद्धात (१८३८-४२) कामी आलेल्यांच्या स्मरणार्थ ते बांधले, म्हणून लोक त्यास ‘अफगाण चर्च’ म्हणतात. त्याचे खरे नाव मात्र संत योहानाचे आहे. १८५८ साली ते उपासनेसाठी खुले झाले. त्यातील रंगीत काचा इंग्लंडमधील न्यूकॅसल येथील विल्यम वेल्स या कारागिराने घडविल्या.

अशी खिडकी बाहेरून पाहावी, तर निस्तेज व काळवंडलेली दिसते. आत जाऊन उजेडाकडे तोंड केले, की तीच काच रत्नासारखी झळकू लागते. ही किमया रंगाच्या कुंचल्याची नव्हे. वितळलेल्या काचेत कोबाल्ट मिसळले की ती निळी होते. मँगेनीजने जांभळी होते. तांब्यापासून मिळणारा लाल रंग फार गडद. सबंध काच तशी केली, तर प्रकाश आत येणारच नाही. म्हणून साध्या काचेवर लाल काचेचा पातळ थर देत. मग तुकडे कापून त्यांवर चेहरे व वस्त्रांच्या चुण्या गडद रंगाने रेखीत, ते भट्टीत भाजीत आणि शिशाच्या पट्ट्यांनी एकमेकांस जोडीत. दुरून चित्राचीच वाटणारी काळी रेघ पुष्कळदा शिशाची असते.

पूर्वी युरोपात बहुसंख्य लोकांस वाचता येत नसे. त्यांनी चित्रातील संत ओळखावा कसा? त्यासाठी खुणा ठरल्या होत्या. किल्ल्या हाती असलेला तो पेत्र. योहानाजवळ गरुड, मार्काजवळ पंखांचा सिंह, लूकजवळ बैल. वीणा दिसताच आपण सरस्वती ओळखतो, कमरेवर हात ठेवून विटेवर उभी असलेली मूर्ती पाहताच विठोबा ओळखतो, तसेच हे.

शिरूरला लागून असलेल्या दौंड तालुक्यात केडगाव आहे. पंडिता रमाबाईंचे ‘मुक्ती मिशन’ तेथलेच. संस्कृतात पारंगत असलेल्या या विदुषीने १८८३ मध्ये इंग्लंडात ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यावरून महाराष्ट्रात पुष्कळ वाद माजला. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्यप्रांतातून निराधार मुली व विधवा आणून त्यांस आश्रय दिला. १९०० च्या सुमारास केडगावात दीड हजारांच्या आसपास माणसे राहत होती. इंग्लंडच्या प्रॉटेस्टंट चर्चमध्ये आज कोणास विधिपूर्वक संत ठरविण्याची चाल नाही. तथापि त्या चर्चच्या पंचांगात ३० एप्रिल हा दिवस रमाबाईंच्या स्मरणार्थ राखला आहे.

उद्या एखाद्या कारागिराने रमाबाईंची खिडकी करावयास घेतली, तर तो त्यांच्या हाती कोणती खूण देईल? ग्रंथ द्यावा, तर तो पुष्कळ संतांच्या हाती असतोच. पण रमाबाईंचा ग्रंथ निराळा होता. हिब्रू व ग्रीक भाषा शिकून त्यांनी बायबलाचे सोप्या मराठीत भाषांतर केले आणि १९२२ साली, मृत्यूच्या थोडे आधी, ते पुरे केले. तो ग्रंथ मुक्तीच्याच छापखान्यात छापला गेला. तेथे अक्षरांचे खिळे जुळविणाऱ्या मुली एके काळी निराधार म्हणून आल्या होत्या. ते खिळेही शिशाचेच असत.