सनद ते व्हिसा : कसबी माणसाचा मुक्काम

'स्थलांतर' म्हटलं की आपल्याला विमानतळ आठवतो. पण धार आणि देवासमधली जुनी मराठी घरंही बाहेरून आलेल्यांचीच आहेत. अठराव्या शतकात मराठी फौजांबरोबर पवार सरदार माळव्यात आले. धारला एक गादी झाली आणि देवासला तुकोजी व जिवाजी या भावांच्या दोन : थोरली पाती आणि धाकटी पाती. राज्य नुसत्या तलवारीवर चालत नाही. हिशेब ठेवणारे, मोडी लिहिणारे, वैद्य, शिक्षक असे सगळे लागतात. आजच्या भाषेत, स्किल्ड वर्कर.

सनदेचा आधार

कसब असलं की काम मिळायचं. पण कायम राहायची हमी वेगळी होती. इनाम किंवा वतन मिळालं, त्याची लेखी सनद हातात आली, की पुढच्या पिढ्यांची सोय व्हायची. नुसत्या पगारी नोकराला ती नव्हती. तो मर्जीवर राहायचा.

आणि सनद तरी किती पक्की? ती देणारा जितका पक्का, तितकीच. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी धार संस्थानच जप्त केलं; १८६० मध्ये परत दिलं, तेही बेरसिया परगणा वगळून. देवासचं उदाहरण इंग्रजी साहित्य शिकणाऱ्यांना जवळचं वाटेल. 'अ पॅसेज टू इंडिया'चे लेखक ई. एम. फॉर्स्टर १९२१ मध्ये काही महिने थोरल्या पातीचे तिसरे तुकोजीराव यांचे खासगी सचिव होते. तेव्हा बाहेरून आलेला नोकरदार इंग्रज होता! पुढे संस्थान कर्जात बुडालं. १९३३ च्या अखेरीस महाराज फ्रेंचांच्या पाँडिचेरीला निघून गेले आणि १९३७ मध्ये तिथेच वारले. ज्याच्या शब्दावर इतरांनी राहायचं, त्यालाच परक्या राज्यात आसरा शोधावा लागला.

मर्जीकडून हक्काकडे

१९४८ मध्ये ही संस्थानं मध्य भारतात विलीन झाली. १९५० च्या संविधानातल्या कलम १९ ने प्रत्येक नागरिकाला देशात कुठेही राहायचा, स्थायिक व्हायचा हक्क दिला. देवासच्या मराठी माणसाला आता कुणाची सनद लागत नाही.

पण देशाची हद्द ओलांडली की पुन्हा मर्जी आली. ब्रिटनने २००२ मध्ये उच्चकुशल कामगारांसाठी योजना सुरू केली. शिक्षण, अनुभव, कमाई यांना गुण होते. ते भरले की या, पुढे स्थायिक व्हा, असा तिचा अर्थ होता. भारतातूनही बरेच जण नोकऱ्या सोडून गेले. नोव्हेंबर २००६ मध्ये मुदतवाढीचे निकष बदलले, आणि तेही आधीच पोचलेल्यांना लागू केले! हे लोक संघटित होऊन कोर्टात गेले. ८ एप्रिल २००८ रोजी लंडनच्या हायकोर्टाने निकाल दिला : ज्या अटींवर बोलावलं, त्या अटी या लोकांसाठी मध्येच बदलता येणार नाहीत.

या निकालामागचं तत्त्व लक्षात ठेवा : न्याय्य अपेक्षा. सरकारच्या शब्दावर भरवसा ठेवून माणसाने आयुष्य बदललं असेल, तर त्या शब्दाला वजन आहे. सरकारने नियम बदलूच नयेत, असा याचा अर्थ नाही. प्रश्न एवढाच, की नवा नियम कुणाला लावायचा : उद्या येणाऱ्याला, की काल आलेल्यालाही?

हा प्रश्न शिळा झालेला नाही. मे २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारने श्वेतपत्रिकेत कायम वास्तव्यासाठीची नेहमीची पाच वर्षांची अट दहा वर्षं करायचं सुचवलं. चार वर्षं तिथे काढलेल्या नर्सच्या किंवा इंजिनीअरच्या घरात हे वाचून काय वाटलं असेल? मुलांची शाळा, घराचं कर्ज, गावाकडचे आईवडील, सगळं त्या एका आकड्यावर बेतलेलं असतं.

कसब माणसाला दारातून आत नेतं. पण आत राहता येतं ते दिलेला शब्द पाळला गेला तरच.

चर्चेसाठी

१. सनद आणि व्हिसा यांत साम्य काय, फरक काय?
२. नियम बदलायचा सरकारचा अधिकार आणि आलेल्या माणसाची न्याय्य अपेक्षा यांचा मेळ कसा घालाल?
३. तुमच्या घराण्यात पहिल्यांदा गाव कुणी सोडलं? कुणाच्या शब्दावर?