सही करण्याआधी जागा मोजा

अमेरिकेतल्या मराठी घरात मुलाला कॉलेज फुटबॉलची ऑफर आली, की पेढे वाटले जातात. जरूर वाटा. पण कोचला एक प्रश्न नक्की विचारा: ऑगस्टमध्ये संघात खरोखर किती जागा रिकाम्या असतील?

रिकाम्या जागांपेक्षा जास्त मुलांच्या सह्या घेण्याला ओव्हरसायनिंग म्हणतात. वरच्या श्रेणीतल्या कॉलेजांवर अनेक वर्षे एकूण 85 आणि दरवर्षी नव्या 25 शिष्यवृत्त्यांचे बंधन होते. तरी 2009 मध्ये मिसिसिपी विद्यापीठाने 37 जणांच्या सह्या घेतल्या. मग ते विद्यापीठ ज्या गटात खेळते त्या साउथईस्टर्न कॉन्फरन्सने आधी 28 आणि 2011 मध्ये 25 सह्यांची मर्यादा घातली.

कोचची अडचण खोटी नाही. कुणी मार्कांत अडकतो, कुणाचा गुडघा जातो, कुणी कॉलेज बदलतो. मोजून सह्या घेतल्या तर हंगामात जागा वाया जातात. शिवाय जास्त सह्या घेतल्यामुळे मार्क काठावर असलेल्या मुलालाही एक संधी मिळते.

पण कुणीच गळले नाही तर? 2010 मध्ये लुइझियाना स्टेट विद्यापीठात एक लाइनमन डॉर्मवर राहायलाही आला होता. त्याला ऑगस्टमध्ये सांगितले, आता जानेवारीत ये. याला ग्रेशर्ट म्हणतात. तो दुसऱ्या विद्यापीठात गेला. प्रत्येकाला असा पर्याय उरत नाही, कारण या कॉलेजच्या भरवशावर मुलाने बाकीच्यांना नकार कळवलेला असतो. जास्त सह्या घेण्यापेक्षा ते लपवणे मला अधिक गैर वाटते. धोका कोचचा आणि किंमत अठरा वर्षांच्या मुलाने मोजायची, हा कुठला न्याय?

आधी सांगितलेला ग्रेशर्ट मात्र वाईट नाही. अंगाने अजून न भरलेल्या मुलाला काही महिने मिळतात, आणि पूर्णवेळ प्रवेश घेतलेला नसल्याने त्याची खेळण्याची वर्षेही कमी होत नाहीत.

आता मोजणी बदलली आहे. कॉलेज खेळांबाबतच्या 2025 च्या न्यायालयीन तडजोडीनंतर ती मान्य करणाऱ्या कॉलेजांना शिष्यवृत्त्यांच्या बंधनाऐवजी संघात 105 खेळाडूंची मर्यादा आली. कॉलेजच्या वेबसाइटवर संघाची यादी असते. ती घेऊन बसा, मुलाच्या जागेवर किती जण खेळतात आणि शेवटच्या वर्षाला किती आहेत ते मोजा. शिष्यवृत्ती एका वर्षाची की चार, दुखापत झाली तर काय, हे लेखी घ्या. बहुतेक सह्या आता डिसेंबरात होतात. म्हणून हे सगळे ऑक्टोबरातच विचारा, इतर कॉलेजांना नकार कळवण्यापूर्वी.